एका बैठकीला किती तास

आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक ट्रॅक्टरचं एक कार्ड असायचं. त्यावर मालकाचा पत्ता, इंजिनाचा नंबर, मागचं ऑइल कधी बदललं, आणि खाली एक रकाना: एका बैठकीला सरासरी किती तास. हा रकाना कोणी आणि कशासाठी छापला होता मला माहीत नाही. पण तो भरायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो. मालक लोक त्यात सरळ उत्तर देत नाहीत. ट्रॅक्टर विकायला काढला असेल तर तास कमी सांगतात, कामाची फुशारकी मारायची असेल तर जास्त. मी मान डोलवायचो आणि मीटर बघून माझ्या मनाने आकडा लिहायचो. नांगरणीवाले पाच ते सहा तास. ट्रॉली ओढणारे दोन-तीन तास, मध्ये चहाला थांबून. बागेत फवारणी करणारे तास-दीड तास, कारण टाकी तेवढ्यात संपते.

एका कार्डावर मी तो रकाना खोडून पुन्हा लिहिला आहे. ज्याचं ते कार्ड, त्या माणसाविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. जमेल तसं लिहितो.

त्यांना सगळे खुंटा म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. एकदा ट्रॅक्टरवर बसले की रान पुरं झाल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून खुंटा. मी त्यांना दादा म्हणायचो, माझ्यापेक्षा ते बारा-तेरा वर्षांनी मोठे होते. स्वतःची जमीन बेताची, पण आजूबाजूच्या निम्म्या शिवाराची नांगरट त्यांच्याकडे असायची, कारण त्यांच्या नांगराची तासं सुतासारखी सरळ पडत. त्यांच्या पहिल्या कार्डावर मी लिहिलं होतं: सात तास. मीटर बघून लिहिलं होतं, त्यांच्या सांगण्यावरून नाही. त्यांनी सांगितलं होतं, "मोजले नाहीत बुवा."

त्यांची बायको, आमच्या वहिनी, कधी सर्व्हिसिंगच्या दिवशी बरोबर यायच्या. मडगार्डवर बसून यायच्या, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने दिव्याची कडी धरून. एकदा मी रकाना भरत असताना म्हणाल्या, "मिस्त्री, त्यांना कशाला विचारता? मला विचारा. यांना जेवायला बोलवायचं तर डिझेल संपायची वाट बघावी लागते."

दादा म्हणाले, "मग टाकी अर्धीच भरत जा."

"भरणारे तुम्हीच. मी फक्त डबा घेऊन बांधावर उभी राहणारी."

"तू उभी दिसलीस की मला वळायला खूण मिळते."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, बुजगावणं केलंय माझं." आणि हसल्या. दादा हसले नाहीत, पण कान लाल झाले होते.

वहिनी गेल्या तेव्हा दादा सत्तरीच्या जवळ होते. मुलगी एकच, लग्न होऊन लांब शहरात. पुढच्याच वर्षी त्यांनी जमीन शेजाऱ्याला कसायला दिली. शेजारी भला माणूस, पण त्याच्याकडे नवा, मोठा ट्रॅक्टर होता. दादांच्या ट्रॅक्टरला कामच उरलं नाही. तीस वर्षांचा जुना गडी पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगला मी त्यांच्या घरी गेलो. मीटर जवळजवळ हललेलाच नव्हता. इंजिनात तेल ओतायचं झाकण उघडलं तर त्याला आतून दुधाच्या सायीसारखा पांढरट चिकटा. मी झाकण त्यांना दाखवलं.

"दादा, हे काय? किती वेळ चालवता?"

"एक दिवसाआड सुरू करतो की. उभा राहून खराब होऊ नये म्हणून."

"किती वेळ पण?"

"दहा-बारा मिनिटं."

मी त्यांना सांगितलं की दहा-बारा मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. न तापता बंद केलं की आत दव धरतं, ते तेलात उतरतं आणि हा असा चिकटा होतो. बॅटरीही सुरू करताना जेवढी खर्च होते तेवढी परत भरत नाही. चालवायचा तर तासभर चालवा, चांगली ओढ देऊन. नाहीतर राहू द्या.

"तासभर कुठे नेऊ?" त्यांनी विचारलं.

मी रकान्यात सात खोडून लिहिलं: बारा मिनिटं.

तरी माझं ऐकून त्यांनी काही दिवस ट्रॅक्टर रस्त्यावर काढला. हे मला नंतर चहावाल्याने सांगितलं. मागे नांगर नाही, ट्रॉली नाही, नुसता मोकळा ट्रॅक्टर घेऊन माणूस निघाला की लोक विचारणारच. "कुठे निघालात?" पहिल्या दिवशी म्हणाले, तेल आणायला. दुसऱ्या दिवशीही तेल आणायला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडलं, "काका, नांगर घरी विसरलात वाटतं! का तळणाचा घाणा काढलाय, रोज तेल?" सगळे हसले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. दादाही हसले म्हणे. पण चौथ्या दिवशी ट्रॅक्टर रस्त्यावर आला नाही.

साधारण त्याच सुमारास वर्कशॉपच्या फोनवर त्यांच्या मुलीचा फोन आला. मी तिला लहान असताना पाहिलं होतं. आवाज वहिनींसारखा, म्हणून मी जरा गडबडलो.

"काका, एक विचारायचं होतं. साधारण लोक ट्रॅक्टर एका वेळी किती चालवतात?"

मी कामाप्रमाणे सांगितलं, वर लिहिलं आहे तसं. ती म्हणाली, "आणि वर्षाला? कमीत कमी किती तास चालला तर म्हणायचं की ट्रॅक्टर वापरात आहे?"

आता वाटतं, तिला आधी कारण विचारायला हवं होतं. पण मला कोणी कामातलं काही विचारलं की मी फार आनंदाने सांगतो, तेवढंच मला येतं. मी म्हणालो, "शंभर. शंभराच्या खाली म्हणजे तो नुसता उभाच आहे."

हा शंभरचा आकडा कुठल्या पुस्तकात नव्हता. माझा आपला अंदाज.

आठ दिवसांनी दादा स्वतः वर्कशॉपमध्ये आले, बसने. कधी नव्हे ते बाकावर बसले आणि सांगू लागले. मुलीचं म्हणणं होतं, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे या. यांचं म्हणणं, माझा ट्रॅक्टर आहे, माझी कामं आहेत. ती म्हणाली, कसली कामं? बरंच झालं दोघांत. शेवटी ठरलं ते असं: एक वर्ष बघायचं. वर्षात ट्रॅक्टर शंभर तास चालला तर बाबांना काम आहे, त्यांनी खुशाल इथे राहावं, ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही चालला तर ट्रॅक्टर विकायचा, घराला कुलूप, आणि बाबा तिच्याकडे.

"शंभर म्हणजे काय मिस्त्री," दादा म्हणाले, "पूर्वी पंधरा दिवसांत व्हायचे."

"मग आता काय काम काढणार?"

"काढीन काहीतरी." मग म्हणाले, "शंभर आकडा तिने कुठून काढला कोण जाणे. बरोबर काढला पण. पोरगी हुशार."

मी बाजूचा पाना उचलून पुसत बसलो. माझाच आकडा होता हे मी त्यांना सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी मी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा दादा फाटकातच उभे होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला शेडमध्ये नेऊन भिंत दाखवली. खडूच्या उभ्या रेघा, पाच-पाचाच्या जुड्या बांधलेल्या, एक रेघ म्हणजे एक तास.

"पंचावन्न," ते म्हणाले. "निम्म्यापेक्षा पुढे आहे. पडलो तर वरच पडणार."

मी विचारलं, "कुठलं काम मिळालं?"

"आहे, चालू आहे," असं काहीतरी पुटपुटून ते चहा टाकायला आत गेले.

मी बॉनेटजवळ गेलो. उभ्या सायलेन्सरमधून काळं तेल ओघळून बॉनेटवर पट्टे पडले होते. हे ज्याला कळतं त्याला लगेच कळतं. इंजिन ओढीशिवाय, कमी वेगात, तासन्तास गुरगुरत ठेवलं की असं होतं. टायर बघितले. टायरच्या खोबणीत मातीचा कण नव्हता, आणि चाकाखालची जमीन जिथल्या तिथे दबलेली होती. ट्रॅक्टर जागचा हलला नव्हता. दादा रोज शेडमध्ये, फाटक लावून, त्यावर नुसते बसत होते.

मीटरची काच धुरकट पिवळी झाली होती. मी फडक्याने ती पुसली आणि वर्षाची बोली झाली त्या आठवड्यात येऊन कार्डावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. पंचावन्न नव्हे, बावीस.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या जुन्या ट्रॅक्टरांचा मीटर घड्याळावर चालत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन नांगरटीच्या वेगात फिरत असेल तर मीटरचा तास आणि हातातल्या घड्याळाचा तास एकच. पण नुसतं मंद गुरगुरत ठेवलं तर घड्याळाचा एक तास होईपर्यंत मीटर चोवीस मिनिटंच पुढे सरकतो. दादांनी आयुष्यभर नांगरटच केली. त्यांच्या बाबतीत मीटर आणि घड्याळ कधी वेगळं पडलंच नव्हतं, त्यांना हे कळायला काही कारणच नव्हतं. शेजाऱ्याकडे तान्हं मूल होतं म्हणून आवाज नको, डिझेलही कमी जळावं, म्हणून त्यांनी वेग अगदी खाली ठेवला होता. आणि ती पिवळी काच त्यांना चष्म्यातूनही दिसत नव्हती. हातात घड्याळ होतं, भिंतीवर खडू होता.

मला एवढंच सांगायचं होतं: दादा, वेगाचा दांडा तेवढा पुढे ओढा. एका वाक्याचं काम. सहा महिने शिल्लक होते, सहज झाले असते शंभर.

ते चहा घेऊन आले. कपाखाली बशी, बशीत दोन बिस्किटं. म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगू, बरं चाललंय." त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी बिस्किट चहात बुडवलं आणि पुढच्या वेळी सांगू असं ठरवलं. सांगायचं म्हणजे, तुम्ही शेडमध्ये नुसते बसता हे मला कळलं, हेही सांगणं आलं. ते माझ्या तोंडून निघेना. घरी जाताना वाटेत दोनदा सायकल थांबवली. परत फिरलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं, मग हंगाम सुरू झाला, वर्कशॉपमध्ये मान वर करायला फुरसत नव्हती. ही सबब आहे, मला माहीत आहे.

वर्ष पुरं झालं त्या रविवारी मुलीने मला बोलावून घेतलं. मीटर वाचायला. ती आदल्या दिवशीच आली होती. घर झाडून-पुसून काढलं होतं, दोरीवर चादरी वाळत होत्या. दादा शेडच्या दारात, पुन्हा इस्त्रीच्या शर्टात. मला बघून मुलीला म्हणाले, "आले बघ पंच."

मी काच पुसली. आकडा वाचला, कार्डावरचा वाचला, वजाबाकी केली. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती, तिनेच मोठ्याने म्हटलं, "चव्वेचाळीस."

दादा हसले. "एकशे चव्वेचाळीस म्हण. नाही, तेवढेही नाहीत. एकशे नऊ आहेत. भिंत मोज."

तिने भिंत मोजली. बोट लावून, जुडी-जुडीने. शेवटच्या जुडीवरचं बोट तिने काढलं नाही.

"बाबा, मीटर चव्वेचाळीस म्हणतोय."

"मग मीटर बिघडलाय. मिस्त्री, बघा जरा."

मी काच पुन्हा पुसली. ती त्यांच्याजवळ गेली आणि अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलली. "बाबा, हल्ली तुमचा असा घोटाळा होतो का? म्हणजे काल केलेलं आज आठवत नाही, किंवा एकच गोष्ट दोनदा..."

"दोनदा रेघ ओढली म्हणतेस मी?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

"रागावू नका. या वयात होतं असं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांची ओळख, त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ट्रॅक्टर जाईल, घर जाईल, ते ठीक. पण पोरगी त्यांच्या डोक्याविषयीच शंका घेत होती, आणि मला ठाऊक होतं की ते डोकं ठणठणीत आहे.

मी म्हणालो, "ताई, दादांची एकही रेघ खोटी नाही." आणि सगळं सांगितलं. फेऱ्या, वेग, चोवीस मिनिटं. भिंतीवर खडूने गणित मांडून दाखवलं: एकशे नऊ तासांचे मीटरवर जवळपास चव्वेचाळीसच होतात. बरोबर जुळत होतं. मला जरा अभिमानही वाटला, एवढं मी सलग कधी बोललो नव्हतो.

दादांनी सुस्कारा सोडला. "बघ. डोकं जाग्यावर आहे ना?"

मुलगी गणिताकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, सगळा वेळ कमी वेगात म्हणजे, नांगरत नव्हते."

"नाही."

"ट्रॉली?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

तिने टायर पाहिले, खालची दबलेली जमीन पाहिली. "इथेच? बाबा, एकशे नऊ तास तुम्ही इथे बसून होतात? फाटक लावून?"

"इथे नाही तर काय डोंगरावर बसू?" दादा म्हणाले. पण आवाज बसला होता.

"काय करत होतात?"

"काय करणार. बसत होतो." त्यांनी बूट जमिनीवर घासला. "सुरुवातीला अर्धाच तास ठरवायचो. पण बंद केलं की एकदम फार शांत होतं गं. मग म्हणायचं, अजून पाच मिनिटं."

ती रडली नाही. तिने डोक्यावरून हात फिरवला, स्वतःच्याच, आणि दोरीवरची एक चादर काढून घडी घालू लागली. ती ओली होती, पुन्हा उलगडून टाकली. मग परत येऊन म्हणाली, "बाबा, शंभर ठरले होते. मीटरचे की घड्याळाचे, हे काही ठरलं नव्हतं. तुमचे एकशे नऊ झालेत. मी शब्द फिरवणार नाही. तुम्ही राहा इथे, ट्रॅक्टर राहू दे."

मला हायसं वाटलं. मी हत्यारं पिशवीत भरू लागलो.

"नको," दादा म्हणाले. "विकून टाक."

"अहो, जिंकलात तुम्ही!"

"हो, जिंकलो. पण आता तुला कळलंय. उद्या मी इथे बसलो की तू तिकडे घड्याळाकडे बघत बसणार. मला ते होणार नाही. कोणाला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं."

"मी नाही बघणार घड्याळाकडे."

"बघशील. आईसारखी आहेस."

तिने बरंच समजावलं, नंतर तिचा आवाज चढला, नंतर दादाच तिला समजावू लागले. मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. खुंटा एकदा बसला की हलत नाही असं लोक म्हणायचे. त्या दिवशी तो एका वाक्यात उपटला गेला, आणि तेही जिंकल्यावर. मी मध्ये पडलो नसतो तर ते हरले असते, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झालाय असं लेबल लागून गेले असते. पडलो तर हे असं. सहा महिन्यांपूर्वी त्या चहाच्या वेळी बोललो असतो तर यातलं काहीच झालं नसतं, असं मला वाटतं. पण तसं झालं असतं तर ते आणखी किती वर्षं शेडमध्ये बसले असते, हेही मनात येतं. मला यातलं नक्की काही सांगता येत नाही.

चार दिवसांनी ते निघाले. ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मिळालं होतं, रोपवाटिकेचा मालक पुढच्या आठवड्यात नेणार होता. तोवर लक्ष ठेवायला दादांनी मला बोलावलं होतं. एक सुटकेस, एक गादी, वहिनींचा फोटो कागदात गुंडाळलेला. मुलगी घराला कुलूप लावत होती. दादा तिच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली.

"मिस्त्री, मधे तुम्ही आला होतात, तेव्हा मीटरची काच पुसली होती ना?"

"हो."

"मग वाचलाही असेल."

"वाचला होता."

"कळलं होतं?"

"हो, दादा. तुम्ही खुशीत होतात. म्हणून..."

ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. रागावलेले दिसत नव्हते. "बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

मुलगी आली, दार लावलं. म्हणाली, "काका, येत जा तिकडे." मी हो म्हटलं. गाडी वळणापर्यंत दिसली. दादांनी मागे वळून पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल, काचेमुळे मला दिसलं नसेल.

मी शेडमध्ये गेलो. आठवडाभर ट्रॅक्टर उभा राहणार होता, बॅटरी उतरू नये म्हणून तिची तार सोडून बाजूला बांधून ठेवली. बॉनेटवरचे काळे पट्टे रॉकेलने पुसून काढले. भिंत पुसावी की नाही, थोडा वेळ कळेना. मग राहू दिली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे दिली. त्याचं मूल नुकतंच झोपलं होतं, म्हणून आम्ही खुणेनेच बोललो.